दोन अर्धी गाणी

'विदाउट यू' मी पहिल्यांदा ऐकलं ते मराया कॅरीच्या आवाजात, १९९४ साली. कॅसेट मैत्रिणीची होती आणि दोन दिवसांत परत करायची होती, म्हणून ते एकच गाणं पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकत बसले होते. दादा खोलीत आला, दाराशीच थांबला, शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "हे तिचं नाहीये गं. निल्सनचं आहे." मग त्याच्या खोक्यातून एक कॅसेट काढून दिली. तिच्यावर निळ्या शाईत, त्याच्या तिरप्या अक्षरात एवढंच लिहिलं होतं: 'निल्सन – बाजू अ – शांतपणे ऐक.'

मी शांतपणे ऐकलं आणि पुढची कितीतरी वर्षं मीही सगळ्यांना तेच सांगत राहिले, की हे मराया कॅरीचं नाही, हॅरी निल्सनचं आहे. मोठ्या खात्रीने सांगायचे. खरं तर ते निल्सनचंही नव्हतं. गीतकार-संगीतकारांच्या जागी 'हॅम, एव्हन्स' अशी दोन नावं असतात. ती माझ्या डोळ्यांसमोरून अनेकदा गेली असणार, पण ही माणसं कोण, असं मनात कधी आलंच नाही. ज्या दिवशी आलं, त्या दिवसापासून या गाण्याने मला सोडलेलं नाही.

गंमत म्हणजे खुद्द निल्सनचीही अशीच फसगत झाली होती. १९७१ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये एका पार्टीत त्याने हे गाणं ऐकलं आणि त्याला वाटलं, हे बीटल्सचं. नंतर तो बीटल्सच्या रेकॉर्डमध्ये ते शोधत बसला. सापडणार कसं? ते होतं बॅडफिंगर नावाच्या बँडचं.

पण निल्सनचा कान तसा चुकलेला नव्हता. बॅडफिंगर हे बीटल्सच्याच घरचं बाळ. वेल्समधल्या स्वान्झी गावातली ही पोरं आधी 'द आयव्हीज' नावाने वाजवायची. गावातल्या आयव्ही प्लेस या जागेवरून ते नाव घेतलेलं. पीट हॅम हा त्यांचा गाणी लिहिणारा, गाणारा, गिटार आणि पियानो वाजवणारा. पुढे लिव्हरपूलहून टॉम एव्हन्स येऊन मिळाला. १९६८ मध्ये बीटल्सच्या ॲपल रेकॉर्ड्स कंपनीने त्यांना करारबद्ध केलं. पहिलं मोठं यश मिळालं ते 'कम अँड गेट इट' या गाण्याने, तेही बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीने लिहून दिलेलं. मॅकार्टनीने सगळी वाद्यं स्वतः वाजवून नमुना ध्वनिमुद्रित केला होता आणि पोरांना बजावलं होतं, हे असंच्या असं वाजवा, काही बदलू नका. म्हणजे बॅडफिंगरची ओळख झाली तीच दुसऱ्याच्या गाण्याची हुबेहूब नक्कल करून. हे मी त्यांना कमी लेखायला सांगत नाही. ज्यांच्या गाण्याला पुढे दुसऱ्यांनी जगभर नेलं, त्यांची सुरुवात अशी झाली होती हे मला विसरता येत नाही, इतकंच.

आता मूळ गोष्ट. लंडनमध्ये गोल्डर्स ग्रीन भागात बँडचं एक घर होतं, ७ पार्क अव्हेन्यू. सगळे तिथेच राहायचे, तिथेच गाणी रचायचे, घरातच ध्वनिमुद्रणाचं थोडंफार सामान होतं. त्या घरात हॅमकडे एक गाणं पडून होतं, 'इफ इट्स लव्ह'. त्याची कडवी सुंदर होती आणि ध्रुवपद काही केल्या जमत नव्हतं. त्या कडव्यांचा जन्म एका साध्या संध्याकाळी झाला, असं सांगतात. हॅम आणि त्याची मैत्रीण बाहेर जाणार होते, तेवढ्यात गाण्याचं काम निघालं. ती म्हणाली, जा, माझी काही हरकत नाही. तिने ते हसून म्हटलं, पण हॅमला तिचे डोळे दिसले. ओठ हसतायत आणि डोळे नाही, ही एवढीशी नोंद त्याने जपून ठेवली आणि कडव्यात घातली.

एव्हन्सकडे उलटाच प्रकार. त्याची प्रेयसी त्याला सोडून जर्मनीला परत गेली होती आणि तो तिच्यामागे तिकडे जाऊन आला होता. त्या दिवसांत त्याला एक ध्रुवपद सुचलं. तुझ्याशिवाय जगायचं असेल तर मला जगणंच शक्य नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण त्याला कडवी नव्हती. आक्रोश तयार होता, त्याच्या आधीचं बोलणं नव्हतं.

दोघांनी आपापलं अर्धं गाणं एकमेकांसमोर ठेवलं आणि ती जोडली. एवढंच.

मला या गाण्याबद्दल जे सांगायचं आहे ते या जोडाबद्दलच आहे. कधी तरी कडवं आणि ध्रुवपद वेगवेगळी काढून वाचून बघा. कडव्यातला माणूस कसा बोलतो? शांत, जवळजवळ सभ्यपणे. ती संध्याकाळ विसरता येत नाही, तू निघालीस तेव्हाचा चेहरा विसरता येत नाही, पण असो, गोष्टी अशाच घडतात, असं म्हणतो. स्वतःची चूकही कबूल करतो. तू माझ्याजवळ होतीस आणि मीच तुला जाऊ दिलं. आता निदान तुला कळवायला तरी हवं, म्हणतो. हा माणूस समोरच्याकडे बघतोय, त्याला तिचे डोळे दिसतायत. ध्रुवपदातल्या माणसाला मात्र काहीच दिसत नाही. त्याला फक्त स्वतःचं दुखणं कळतंय. न जगणं, न सोसणं, तेच पुन्हा, तेच पुन्हा.

ही दोन माणसं आहेत. अगदी शब्दशः दोन. एकाने सोडलेलं, दुसऱ्याला सोडलेलं. आणि आपण गेली पन्नासहून अधिक वर्षं ती एकाच माणसाची व्यथा म्हणून ऐकत आलो, कारण आपल्यापैकी प्रत्येकात ही दोघं असतात. निरोप घेताना नीट वाक्यं जुळवणारा एक, आणि दार लागल्यावर भिंतीला टेकून खाली बसणारा दुसरा. एकट्या हॅमने लिहिलं असतं तर ते समजूतदार, गोड गाणं झालं असतं. एकट्या एव्हन्सने लिहिलं असतं तर नुसता टाहो झाला असता.

बॅडफिंगरचं मूळ गाणं नोव्हेंबर १९७० मध्ये आलेल्या 'नो डाइस' या अल्बमवर आहे, पहिल्या बाजूचं शेवटचं. चार मिनिटं आणि पाऊण. त्यांनी ते स्वतंत्र सिंगल म्हणून बाजारात आणलंच नाही. बाजू संपवायला ठेवलेलं एक गाणं, असंच त्याच्याकडे पाहिलं गेलं. निल्सन ऐकून मग हे ऐकलं की आधी निराशा होते, मलाही झाली. गिटार जराशी खरखरीत, मागे ऑर्गन, आवाज कुठेही आभाळाला भिडत नाही. पण रात्री हेडफोन लावून तिसऱ्यांदा-चौथ्यांदा ऐकलं तेव्हा तो जोड ऐकू आला. हॅम कडवं गात येतो, शेवटची ओळ पोचवतो, आणि ध्रुवपद सुरू होतं तेव्हा गाण्याचा स्वभावच बदलतो. हॅमच्या आवाजाला एव्हन्सचा आवाज येऊन चिकटतो. दोन तुकड्यांची शिवण बाहेरूनही दिसावी तसं. मला ते अर्धवट वाटेनासं झालं. हातशिलाईच्या कापडाला आतून बोट लावल्यावर टाके लागतात ना, तसं वाटलं.

आता निल्सनबद्दल. या माणसावर माझं फार प्रेम आहे. त्याने बँकेत रात्रपाळीत काम करत गाणी लिहिली. लोकांसमोर मंचावर कार्यक्रम करण्याच्या फंदात तो जवळजवळ पडलाच नाही. १९६८ मध्ये बीटल्सना आवडता अमेरिकन कलाकार कोण विचारलं तर त्यांनी त्याचं नाव घेतलं होतं. स्वतः पट्टीचा गीतकार. त्याचं 'वन' हे गाणं थ्री डॉग नाइटने गाऊन गाजवलं. आणि त्याला मिळालेली दोन्ही ग्रॅमी पारितोषिकं? एक फ्रेड नीलच्या 'एव्हरीबडीज टॉकिन'साठी, दुसरं हॅम-एव्हन्सच्या 'विदाउट यू'साठी. दोन्ही गाणी दुसऱ्यांची. स्वतःची गाणी दुसऱ्यांच्या तोंडी आणि दुसऱ्यांची आपल्या तोंडी असं त्याचं आयुष्य गेलं. म्हणूनच कदाचित दुसऱ्याच्या गाण्यात शिरायचं कसं, हे त्याच्याइतकं थोड्यांनाच कळलं.

१९७१ मध्ये लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत 'निल्सन श्मिल्सन' या अल्बमसाठी ते मुद्रित झालं. निर्माता रिचर्ड पेरी. निल्सनच्या मनात ते साधंच, अंधारं, पियानोवर एकट्याने म्हटल्यासारखं होतं. पेरीला ते भव्य करायचं होतं, आणि पेरीने आपलं खरं केलं. पियानोवर गॅरी राइट, बासवर क्लाउस फोरमन, ड्रम्सवर जिम केल्टनर, अकूस्टिक गिटारवर जॉन उरिबे, आणि व्हायोलिनांचा सगळा संच बांधला पॉल बकमास्टरने. पण सुरुवात ऐका. नुसता पियानो. एकेक मात्रा धरून पडणारे सरळ, जाड सूर. कुणी जड पावलांनी जिना उतरावा तसे. त्याच्यावर निल्सनचा आवाज येतो तो अगदी जवळून, जवळजवळ बोलल्यासारखा.

आणि मग त्याने जे केलं त्यासाठी मी त्याला कायम नमस्कार करत आले आहे. पहिल्यांदा ध्रुवपद येतं तेव्हा तो ते खालच्याच पट्टीत गातो. दाबून, गिळून. ऐकणाऱ्याला वाटतं, बरं, हा माणूस सावरलाय. पुन्हा कडव्याचे शब्द येतात. आणि दुसऱ्यांदा ध्रुवपद येतं तेव्हा आवाज एकदम वरच्या सप्तकात जातो. तीच चाल, तेच शब्द, फक्त एक सप्तक वर. मध्ये पायऱ्या नाहीत. मींड नाही, हळूहळू चढत जाणं नाही.

कीबोर्डवर मी हे कितीदा वाजवून पाहिलं आहे. खालच्या सुरावरून वरच्या सप्तकातल्या त्याच सुरावर बोट नेणं यात काहीच नाही, लहान मूलही करेल. गळ्याने करायला गेलं की कळतं. खोलीचं दार लावून, उभं राहून, पूर्ण श्वास भरून मी प्रयत्न केलाय. वरच्या षड्जावर आवाज नेऊन ठेवणं एक वेळ जमतं, पण तिथे शब्द उच्चारायचा, तो लांबवायचा, आणि तो गाताना आपण गायक आहोत असं वाटू द्यायचं नाही, फक्त दुखावलेला माणूस वाटायला हवं. निल्सनच्या त्या सुरात ताकद आहे, पण ताकदीचं प्रदर्शन नाही. पुढे १९७४ मध्ये जॉन लेननबरोबर 'पुसी कॅट्स' हा अल्बम करताना त्याच्या स्वरतंतूला इजा झाली आणि तो आवाज पुन्हा तसा राहिला नाही. ट्रायडंटमधला तो सूर मुद्रित होऊन राहिला हे आपलं नशीब.

मूळ गाण्यात दोन माणसांमुळे जे होत होतं, ते निल्सनने एकट्या गळ्यात दोन सप्तकांनी केलं. जोड त्याने पुसला नाही, तो दुसऱ्या ठिकाणी नेला. मला वाटतं, कव्हर करणं, दुसऱ्याचं गाणं आपल्या आवाजात गाणं, म्हणजे हेच. गाण्यातली खरी गोष्ट कुठे आहे हे ओळखायचं आणि ती आपल्याजवळ जे आहे त्याने सांगायची.

१९७२ च्या सुरुवातीला ते अमेरिकेत चार आठवडे आणि ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्याच हिवाळ्यात बॅडफिंगरचं स्वतःचं 'डे आफ्टर डे' अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं होतं. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनने निर्मिती केलेलं. म्हणजे पीट हॅमची दोन गाणी एकाच वेळी रेडिओवर, एक त्याच्या आवाजात आणि एक दुसऱ्याच्या. त्याच्या आधीच्या ऑगस्टमध्ये, १ तारखेला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठीची मैफल झाली होती, जिची सुरुवात पंडित रविशंकरांच्या सतारीने झाली. त्याच मंचावर हॅरिसनने 'हिअर कम्स द सन' गायलं तेव्हा शेजारी दुसरी गिटार घेऊन एक सडपातळ मुलगा उभा होता. तो पीट हॅम. त्या दिवशी मंचावर फोरमन आणि केल्टनरही होते. मी त्या चित्रफितीत हॅमकडे बघते. तो हॅरिसनच्या बोटांवरून नजर हलवत नाही.

पुढचं लिहायला हात जड होतो. स्टॅन पॉली हा अमेरिकन व्यवस्थापक त्यांच्या सगळ्या पैशांचा धनी होऊन बसला होता. गाणी जगभर वाजत होती आणि पोरं महिन्याच्या ठरावीक रकमेवर जगत होती. वॉर्नर ब्रदर्सशी नवा करार झाला, त्यातली अनामत ठेवलेली रक्कम कुठे गेली यावरून खटला उभा राहिला आणि १९७४ मध्ये आलेला त्यांचा 'विश यू वेअर हिअर' अल्बम बाजारातून मागे घेतला गेला. २४ एप्रिल १९७५ रोजी पीट हॅमने आत्महत्या केली. तीन दिवसांनी तो २८ वर्षांचा होणार होता. त्याला मूल होणार होतं, ती मुलगी महिन्याभराने जन्मली. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत त्याने पॉलीला दोष दिला होता.

टॉम एव्हन्स त्यातून बाहेर आला नाही. पुढच्या वर्षांत याच गाण्याच्या मानधनाच्या वाट्यावरून जुन्या साथीदारांमध्ये वाद चालू राहिले. १९ नोव्हेंबर १९८३ रोजी त्यानेही तोच मार्ग धरला. तो ३६ वर्षांचा होता.

हे कळल्यावर लोक त्या ध्रुवपदातल्या शब्दांकडे बोट दाखवतात, जणू त्यात आधीच लिहून ठेवलं होतं. मला ते मुळीच पटत नाही. ते शब्द एका तरुण मुलाने प्रेयसी रुसून गेली म्हणून लिहिले होते, आणि ती गेलेली मुलगी पुढे त्याची बायको झाली. ते जगण्याच्या बाजूचे शब्द आहेत. त्या दोघांना गाण्याने मारलं नाही. हक्काचे पैसे आणि झोप त्यांच्याकडून हिरावली गेली. हे वेगळं करून सांगायलाच हवं.

१५ जानेवारी १९९४ ला निल्सन गेला, ५२ वर्षांचा होऊन. आणि त्याच महिन्यात मराया कॅरीचं 'विदाउट यू' सिंगल म्हणून आलं. तिच्या 'म्युझिक बॉक्स' अल्बमवर ते आदल्या वर्षीच होतं. ब्रिटनमध्ये ते थेट पहिल्या क्रमांकावरच उतरलं. तिने रचना जवळजवळ निल्सनचीच ठेवली आहे, पियानोची तीच जड पावलं, पहिलं ध्रुवपद खाली, दुसरं वर. शेवटाकडे मागे कोरस भरत जातो आणि ती त्याच्यावरून हरकती घेत सुटते. माझ्यासाठी ते पहिलं प्रेम आहे, त्यामुळे त्याला कुणी नावं ठेवली तर मला लागतं. पण आज ऐकताना वाटतं की तिचं गाणं निल्सनचं कव्हर आहे, बॅडफिंगरचं नाही. कडव्यातला तो समोरच्याचे डोळे बघणारा माणूस तिच्या आवाजाच्या तेजात थोडा मागे राहतो. तिथे पहिल्या ओळीपासूनच आपण त्या उंच सुराची वाट बघत असतो.

२०१३ मध्ये, हॅमच्या वाढदिवशी, २७ एप्रिलला, स्वान्झीत आयव्ही प्लेसपाशी त्याच्या नावाची निळी पाटी लागली. मी ती फोटोत पाहिली आहे. त्याच वर्षी एका गाजलेल्या अमेरिकन मालिकेच्या शेवटच्या दृश्यात त्याचं 'बेबी ब्लू' वाजलं आणि नव्या पिढीने बॅडफिंगर हे नाव शोधलं.

दादाला मी मूळ गाणं ऐकवलं ते एका दुपारी. इतकी वर्षं तो 'निल्सनचं' म्हणत आला होता. तो काही बोलला नाही. संपल्यावर म्हणाला, "परत लाव." दुसऱ्यांदा ऐकताना ध्रुवपदाच्या तोंडाशी त्याने हात वर केला, म्हणाला, "इथे दुसरा माणूस आला बघ." मी त्याला तोवर हॅम-एव्हन्सची गोष्ट सांगितलेली नव्हती.

आता आम्ही ते आमच्या पद्धतीने म्हणतो. कीबोर्ड त्याच्याकडे. कडवी तो गातो, त्याच्या घोगऱ्या, सरळ आवाजात. शेवटच्या ओळीला तो मान थोडी माझ्याकडे वळवतो, बोटं पट्ट्यांवरून उचलत नाही, आणि ध्रुवपद मी घेते. खालच्याच सप्तकात. दुसऱ्यांदाही खालीच. मग तो माझ्या आवाजाखाली आपला आवाज आणून ठेवतो.